वाईचे कागद आणि राजवाडे

श्रोतेहो, नमस्कार.

वाईच्या घाटावर उभं राहिलं की मला देवळांच्या आधी कागद आठवतात. याच गावात विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे असे 22 खंड झाले.

राजवाडे बी.ए. झालेले. पण जुना कागद हुडकायची, पारखायची विद्या त्यांनी गावोगाव पायपीट करून स्वतःच कमावली. ही मेहनत मोडी कागद हातात घेतल्याशिवाय कळत नाही. माझ्या आजोळी एक रुमाल आहे, म्हणजे फडक्यात बांधलेलं दफ्तर. त्यातलं पहिलं पत्र उलगडलं, तर बोरूची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. शब्द कुठं संपतो तेच कळेना! तारखेला नुसता ‘छ’, पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना. सालाचा पत्ताच नाही. एवढ्या एका पत्राचं साल लावताना माझा अख्खा पावसाळा गेला.

राजवाड्यांना मात्र कागदांच्या पलीकडचं हवं होतं. समाज बदलतो तो कोणत्या क्रमानं? त्यासाठी त्यांनी काय केलं, तर चक्क शब्द मोजले. 1628च्या पत्रात शंभरात ऐंशीहून जास्त शब्द फारसी. 1677च्या पत्रात ते चाळिसाच्या आत आले. 1728च्या पत्रात दहासुद्धा नाहीत. मधे 1674चा राज्याभिषेक आहे, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश आहे. एकाही लढाईचं वर्णन न करता शंभर वर्षांची उलथापालथ दाखवणारा हा हिशेब मला त्यांच्या सगळ्या लेखनात मोलाचा वाटतो.

गावांची नावं, आडनावं, विवाहसंस्था, सगळीकडे त्यांनी असाच माग काढला. त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. जातींविषयीची त्यांची मतं, संतांवरचा राग मला पटत नाही, आणि ते इथे सांगायलाच हवं. पण अस्सल पत्रं त्यांनी छापून ठेवली, म्हणून तर आज त्यांच्याशी वाद घालता येतो. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात वारले, तोवर कागदांचा शोध सुटला नव्हता.

परवा आजोळच्या एका कागदातले अरबी-फारसी शब्द मीही मोजायला बसलो. ‘मौजे’पाशी थांबलो. शेजारीच माझ्या शेताचं खरेदीखत पडलं होतं. त्याची सुरुवातच मौजे, तालुका, जिल्हा अशी. तिन्ही शब्द तिकडचेच, आणि तिन्ही अजून जागेवर.