दोन पायल्या ज्वारी

बीड जिल्ह्यातलं हे खळं. मळणीयंत्राची धूळ अजून खाली बसलेली नाही. राशीतल्या पहिल्या दोन पायल्या आजी बाजूला काढतात, त्या घरासाठी नाहीत. पलीकडे वसतिगृह आहे. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेले की लेकरं इथे राहतात.

(काट्याचा आवाज, लेकरांचा गलका. इथे निवेदन नाही.)

वसतिगृहाच्या गुरुजींची ही पत्र्याची पेटी. तीत वर्षानुवर्षांची पावतीपुस्तकं आहेत, कार्बन घालून लिहिलेली. हा शिक्का बघा: 80 जी. आयकर कायद्याच्या या कलमाने देणगीदाराला करपात्र उत्पन्नातून वजावट मिळत आली, बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या निम्मी. पण ती पैशालाच. धान्य, कपडे, वह्या धरत नाहीत. रोख दिली तर 2,000 रुपयांपर्यंतच. नवी करप्रणाली घेतलेल्या शिक्षकाला तर काहीच नाही. आणि आजींना? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग वजावट कशातून करायची? तरीही गुरुजी पावती फाडतात. रुपयांच्या रकान्यात लिहितात: ज्वारी, दोन पायल्या.

दुसरीकडे काय करतात? ब्रिटनमध्ये 1990पासून गिफ्ट एड आहे. कर भरणाऱ्याने एक पौंड दिला आणि तसं लिहून दिलं, की संस्था सरकारकडून वरचे 25 पेन्स मागून घेते. देणाऱ्याने भरलेल्या करातलेच ते पैसे, पण पडतात संस्थेच्या पेटीत. आम्हाला ही पद्धत मनापासून पटली. पाच पौंड देणाऱ्याचंही दान तिथे वाढतं. अमेरिकेत जुने कपडे, फर्निचर यांचीही बाजारभावाने किंमत धरून वजावट मागता येते. फ्रान्समध्ये गरिबांना जेवण देणाऱ्या संस्थेला दिलेल्या रकमेच्या 75 टक्के थेट करातून वजा होतात, ठरावीक मर्यादेपर्यंत. जेवणाला वेगळा दर! आजींच्या ज्वारीपाशी उभं राहून हे वाचताना आम्ही थांबलो होतो.

फोनच्या पडद्यावर दिसतोय तो याच गावचा मुलगा, आता अमेरिकेत. त्याला वसतिगृहाला एक खोली बांधून द्यायची आहे. भारताचा पासपोर्ट होता तोवर त्याच्या बचतीतून बँकेमार्फत आलेला पैसा विदेशी देणगी ठरत नव्हता. तिकडचं नागरिकत्व घेतलं आणि तोच मुलगा, तोच पैसा, विदेशी झाला. आता 2010चा विदेशी देणगी कायदा लागू. संस्थेकडे या कायद्याखालची नोंदणी हवी, नाहीतर त्या देणगीपुरती सरकारची पूर्वपरवानगी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर 15 लाख खर्च झालेले हवेत. 2020च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच उतरतो. शिवाय दुसऱ्या संस्थेच्या खात्यातून तो फिरवून घेता येत नाही. अमेरिकेचा कायदाही थेट बीडच्या संस्थेला दिलेल्या पैशावर वजावट देत नाही, संस्था तिथली लागते.

लहान संस्थेला एवढा खर्च दाखवता येत नाही. खोलीचं काम जोत्यापर्यंत येऊन थांबलंय.

(तवा, भाकऱ्या, ओळीने बसलेली लेकरं.)

ही आजींचीच ज्वारी, आज सकाळी दळून आलेली.