ते आपले नव्हते?

मित्रहो, मी नगरच्या ख्रिस्ती घरातला. आजही रविवारी उपासनेला जातो, हे आधीच सांगतो, कारण आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ती माणसं देवळाबाहेर पडलेली आहेत.

कॉलेजात असताना माझ्या एका जिवलग मित्राने मंडळीत येणं थांबवलं. शब्बाथशाळेत आम्ही शेजारी बसायचो, वचनं पाठ करण्यात तो माझ्या पुढे असायचा. त्याच्याविषयी एकदा विषय निघाला तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा आधार दिला. दुसऱ्या अध्यायातलं एकोणिसावं वचन. जे आपल्यातून निघून गेले ते मुळात आपले नव्हतेच, असा त्याचा आशय. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ती मान हलवल्याची बोच आज इतक्या वर्षांनीही गेलेली नाही, कारण त्या पोराची प्रार्थना मी ऐकली होती.

पुढे मी अशा सोडून गेलेल्यांच्या आठवणी वाचू लागलो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधून सुरुवात केली, कारण तिथल्या माणसांनी हे सगळं फार प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. त्यांनी देव का सोडला याची चर्चा पुष्कळ झाली. सोडण्याआधी त्यांचा देव कसा होता, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचं आहे.

एडमंड गॉस हा 1849 साली लंडनमध्ये जन्मलेला मुलगा. वडील फिलिप गॉस समुद्रातल्या जीवांचे नामवंत अभ्यासक. काचेच्या टाकीत समुद्री जीव पाळण्याची हौस इंग्लंडमधल्या घराघरांत नेली ती त्यांनी. आई धर्मपत्रिका लिहायची. दोघं प्लिमथ ब्रदरन या कडक पंथाचे. घरात गोष्टीची पुस्तकं नाहीत, कारण कल्पित गोष्ट सांगणं म्हणजे खोटं बोलणं अशी आईची पक्की श्रद्धा. या घरात देव आकाशात नव्हता, तो जेवणाच्या टेबलाशी होता. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, सगळं त्याला विचारून. आणि तो उत्तर देतो, याविषयी कुणाच्या मनात शंका नाही.

लहानग्या एडमंडला देव आणि वडील यांच्यातली सीमा कुठे आहे हेच कळत नव्हतं. दोघांनाही सगळं ठाऊक असतं, दोघंही कधी चुकत नाहीत. मग एकदा त्याने बागेतल्या कारंज्याच्या नळीला गुपचूप भोक पाडलं. वडील संतापले, पण दोष दिला तो कारागिरांना. पोराला धक्का बसला तो सुटल्याचा नव्हे. बाबांना माहीतच नाही, याचा! त्या दिवशी त्याच्या मनातले वडील आणि देव वेगळे झाले, आणि आपल्या आत एक कोपरा आहे, जिथे फक्त आपण असतो, हे त्याला पहिल्यांदा उमगलं.

पुढचा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी थबकतो. वडिलांनी मूर्तिपूजेचं पाप समजावून सांगितलं होतं. लाकडा-दगडाला कुणी नमन केलं तर देव कोपतो आणि आपला कोप दाखवतो. पोराने ते नीट ऐकलं. वडील घराबाहेर असताना त्याने एक छोटी खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि रोजचीच प्रार्थना म्हटली, फक्त देवाच्या जागी खुर्चीला हाक मारून. मग वाट पाहत राहिला. छाती धडधडत असेल. खिडकीबाहेर दिवस जसा होता तसाच राहिला. काही झालं नाही.

आता सांगा, या पोराचा विश्वास कमी होता? खुर्चीपुढे गुडघे टेकायला किती विश्वास लागतो! ज्याला देव म्हणजे रविवारची रीत वाटते तो असला प्रयोग करणार नाही, त्याला गरजच पडत नाही. हा पोरगा देवाला शब्दाचा पक्का मानत होता. देव म्हणाला आहे की कोपेन, तर तो कोपला पाहिजे.

थोडा मोठा झाल्यावरचा प्रसंग. शेजारच्या ब्राउन कुटुंबाकडे मुलांचा मेळावा. वडिलांना त्याने जाऊ नये असं वाटतं, पण ते सरळ नाही म्हणत नाहीत. परमेश्वराला विचारू, म्हणतात. दोघं गुडघ्यांवर. परमेश्वराचं काय उत्तर आलं, असं वडील विचारतात, आणि पोरगा उंच स्वरात सांगतो, परमेश्वर म्हणतो मी ब्राउनकडे जाऊ शकतो. वडील अवाक. नियम त्यांचाच होता, पोराने तो पाळला होता. या प्रसंगाला लोक हसतात. मला त्या बापाची फार कणव येते.

जाता जाता आपल्याकडचं एक सांगतो. नारायण वामन टिळकांनी आपल्या गीतात येशूला आई म्हणून हाक मारली. आमच्या घरी प्रार्थनेत 'देवबापा' असायचं, पण त्या बापाच्या मागे टिळकांची ती आई उभी असायची. गॉसच्या घरात ती नव्हती. देवाला कोणत्या नात्याने हाक मारतो त्यावर पुढचं पुष्कळ ठरतं, असं मला वाटतं.

देव खोटं बोलत नाही, हा या सगळ्यांच्या देवाचा दुसरा मोठा गुण. त्याची कसोटी गॉसच्याच घरात लागली. 1857 साली आई कर्करोगाने गेली आणि त्याच वर्षी फिलिप गॉस यांनी आपला ग्रंथ छापला. भूगर्भशास्त्र सांगत होतं की पृथ्वी फार जुनी आहे, बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक सांगत होतं की सृष्टी सहा दिवसांत झाली. गॉस यांचं म्हणणं असं, की देवाने सृष्टी निर्माण केली तीच मुळी जुनी दिसेल अशी. आदामाला आई नव्हती तरी बेंबी होती, तसे खडकांत जीवाश्म. त्यांना वाटलं, श्रद्धा आणि विज्ञान दोन्ही वाचली. पण स्वतः धर्मगुरू असलेले चार्ल्स किंग्जली यांनी त्यांना कळवलं, की देवाने खडकांवर एवढं प्रचंड असत्य लिहून ठेवलं, हे मला मानता येत नाही. आक्षेप श्रद्धाळू माणसाचा होता, आणि तोही देवाच्याच बाजूने घेतलेला.

ॲनी बेझंट आपल्याला ठाऊक आहेत त्या थिऑसॉफीच्या आणि होमरूलच्या. 1893 साली त्या भारतात आल्या. त्याआधीची ॲनी वूड ही इंग्लंडमधली अत्यंत भाविक मुलगी होती, उपासतापास करणारी, जुन्या हुतात्म्यांच्या कथांत रमणारी. 1866 च्या पवित्र आठवड्यात येशूच्या दुःखसहनाचं मनन करावं म्हणून तिने येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांतले प्रसंग चार रकान्यांत शेजारीशेजारी लिहायला घेतले. हेतू भक्तीचा होता. रकाने जुळेनात. तिने कागद बाजूला सारले आणि शंका हा सैतानाचा मोह समजून मनातच दाबली.

ती शंका वर आली ती रकान्यांमुळे नव्हे. 1867 साली तिचं लग्न फ्रँक बेझंट या धर्मगुरूशी झालं. 1871 मध्ये दोन्ही मुलांना डांग्या खोकला झाला. धाकटी मेबल वर्षाचीही नव्हती. पाळण्याभोवती तंबूसारखं कापड लावून आत वाफ सोडायची आणि मांडीवर घेऊन रात्रंदिवस बसायचं. पोरीचा जीव गुदमरताना आई पाहते आहे. मूल वाचलं. पण आईच्या मनातला देव वाचला नाही. हे तान्हं बाळ कुठल्या पापाची शिक्षा भोगतंय, असा तिचा प्रश्न होता, आणि तो तिने त्या देवालाच विचारला. देव नाही असं तिला अजून वाटतच नव्हतं. तो आहे, आणि तो हे करतो आहे, म्हणून ती संतापली होती. नास्तिकाला असा संताप येत नाही.

मग ती ऑक्सफर्डला डॉ. प्यूसी या नामांकित धर्मगुरूंकडे गेली, फार मोठ्या आशेने. सत्य शोधणं हे तुमचं काम नव्हे, चर्चने सांगितलेलं सत्य स्वीकारणं हे तुमचं काम, असं त्यांचं उत्तर. ती परतली. पुढे 1874 मध्ये तिची आई मरणाला टेकली. लेकीबरोबरच प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेईन, एरवी नाही, असा आईचा हट्ट. लेक तर विश्वास सोडून बसलेली. काही धर्मगुरूंनी नकार दिल्यावर ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, आर्थर स्टॅन्ली यांच्याकडे गेली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ते आले, दोघींना प्रभुभोजन दिलं. आपला देव सत्याचा देव आहे, म्हणून सत्याचा प्रामाणिक शोध त्याला कधी नावडणार नाही, असं ते तिला म्हणाले. प्यूसी आणि स्टॅन्ली, दोघंही एकाच चर्चचे, एकच पुस्तक वाचणारे. मला अजून वाटतं, स्टॅन्ली तिला तीन वर्षं आधी भेटायला हवे होते.

डार्विनविषयी थोडंच बोलतो. लोक समजतात की उत्क्रांतीने त्याचा विश्वास नेला. केंब्रिजमध्ये तो धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता, आणि बीगल जहाजावर बायबलचा आधार देतो म्हणून अधिकारी त्याला हसत. 1851 मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी गेली. आत्मवृत्तात त्याने नरकाविषयी लिहिलं ते असं, की ही शिकवण खरी असेल तर माझे वडील, माझा भाऊ आणि माझे जवळजवळ सगळे चांगले मित्र अनंतकाळ शिक्षा भोगणार, आणि ही शिकवण धिक्कारण्याजोगी आहे. पत्नी एम्माला ते वाक्य फार लागलं. 1887 साली आत्मवृत्त छापलं गेलं तेव्हा तिच्या इच्छेवरून ते गाळलं, आणि 1958 साली त्यांची नात नोरा बार्लो यांनी परत घातलं. न्यायी देवाने चांगल्या माणसाला छळू नये, ही अपेक्षा डार्विन शिकला कुठे? बायबलमधल्या अब्राहामाने सदोम नगराचा नाश टळावा म्हणून देवाशी हुज्जत घातली तेव्हा हेच तर विचारलं होतं, सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?

पुन्हा गॉसकडे येतो. सोळा-सतरा वर्षांचा असेल. उन्हाळ्यातली दुपार, बाकीची मुलं बाहेर गेलेली, हा वसतिगृहाच्या खिडकीशी एकटा. ख्रिस्त कोणत्याही क्षणी येईल, आपल्याला देहासकट उचलून नेईल, हे त्याने पाळण्यापासून ऐकलेलं. समोरचं आकाश उजळत गेलं आणि त्याला खात्री वाटली, हीच ती वेळ. त्याने मोठ्याने हाक मारली. प्रभू, आता ये, मी तयार आहे. तो ऐकत राहिला. झाडांवरचा उजेड हळूहळू बदलला. मग खालून चहाची घंटा वाजली, आणि मुलांचा परतण्याचा गलका ऐकू येऊ लागला.