ती आली की मुंग्या यायच्या

नमस्कार मंडळी. कुकरच्या शिट्ट्या झाल्या असतील तर गॅस बंद करा आणि जरा बसा. आज टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह मालिकांबद्दल बोलायचंय. म्हणजे विषय तोच दिलाय मला, पण खरं सांगू का, मला आमच्या आजीबद्दल बोलायचंय आणि तिच्यापर्यंत पोचायचं तर वाटेत करमचंद लागतो.

करमचंद आला 1985 साली. दिग्दर्शक पंकज पराशर, करमचंद झालेले पंकज कपूर. डोळ्यावर काळा गॉगल, हातात गाजर. समोर प्रेत पडलेलं असलं तरी हा आपला कडाकड गाजर चावतोय आणि त्याची सेक्रेटरी किटी, म्हणजे सुष्मिता मुखर्जी, मध्येच काही भोळंभाबडं बोलली की "शट अप किटी". मी हे एकदा आमच्या आत्याला म्हणाले आणि पाठीत धपाटा खाल्ला. गाजरावरून आठवलं, हल्ली बारा महिने ती केशरी लांबडी गाजरं मिळतात ना, त्यांना काही चव आहे का हो? थंडीतल्या लाल गाजराची कोशिंबीर ती कोशिंबीर. असो.

मराठीत आपल्याकडे एक शून्य शून्य होती, मुंबई दूरदर्शनवर. शंभर नंबर, पोलिसांचा. बी. पी. सिंग यांची मालिका आणि त्यात शिवाजी साटम. याच दोघांची सीआयडी मग 21 जानेवारी 1998 ला सुरू झाली आणि 2018 पर्यंत चालली, दीड हजाराच्या वर भाग. 2004 साली तर त्यांनी 111 मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता शूट केला होता. दया दार तोडतो, साळुंखे डॉक्टर ओरडतात, एसीपी बोटं फिरवतात, सगळं मला आवडतं, पण माझं एक म्हणणं आहे. शेवटी एक थोबाडीत बसते आणि गुन्हेगार पोपटासारखा बोलायला लागतो, याला मी रहस्य म्हणत नाही. रहस्यात पुरावा आपल्यासमोर पडलेला पाहिजे. आपल्यालाही दिसलेला, फक्त आपल्या डोक्यात न शिरलेला. परत सांगते, पुरावा आपल्यासमोर पाहिजे.

आणि तसा होता ब्योमकेश बक्षी. 1993 साल, दिग्दर्शक बासू चटर्जी, ब्योमकेश म्हणजे रजित कपूर आणि मित्र अजित म्हणजे के. के. रैना. कलकत्ता, धोतर, मेसमधल्या खोल्या, चहा. हा माणूस स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायचाच नाही, सत्यान्वेषी म्हणायचा. एका भागात भर रस्त्यात चालती माणसं मरून पडतात आणि काळजात सापडते ग्रामोफोनची पिन. ती पिन कशातून सुटते ते सांगत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा विरस नको. शेवट फोडणाऱ्या लोकांना माझ्या मते पंगतीत जिलबी वाढू नये.

तर हा ब्योमकेश आम्ही मिरजेत बघायचो. भाड्याचा वाडा, खाली आम्ही, माडीवर एक काकू. आमचा टीव्ही लाकडी शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि अँटेना लांब लोखंडी पाइपवर, तो पाइप मागच्या चौकात भिंतीला धरून कौलाच्या वर गेलेला. आजीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती टीव्ही बघायची नाहीच, ऐकायची, आत्ता तुम्ही मला ऐकताय ना तशी.

मालिका सुरू व्हायची. काकू दहा मिनिटं उशिरा यायच्या, आजीच्या शेजारी बसायच्या, आजीचा हात हातात घेऊन "काय झालं हो आत्तापर्यंत" विचारायच्या आणि आजी सांगायची. आणि मग, अगदी ब्योमकेश खुर्चीत मागे रेलून आता उलगडून सांगणार, की मुंग्या! पडदाभर मुंग्या आणि खर्रर्र. अण्णा चौकात पळायचे, अंधारात पाइप पिरगाळायचे, आतून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं, गेलं, आलं, अहो गेलं!" अण्णा धरून उभे राहिले की चित्र यायचं आणि सोडलं की जायचं, आणि माणूस किती वेळ पाइप धरून उभा राहणार. तोवर पाट्या सुरू. सकाळी बघावं तर चित्र स्वच्छ. बाकीचे दिवसही स्वच्छ. फक्त त्याच रात्री.

असं तीन आठवडे झालं. तीन खुनी आम्हाला कळले नाहीत. दादाच्या वर्गातला एक पोरगा लिमलेटच्या दोन गोळ्या घेतल्याशिवाय खुनी सांगायचा नाही आणि एकदा तर त्याने गोळ्या खाऊन चुकीचा सांगितला. आईला संशय पतंगवाल्या पोरांवर, अण्णांना संशय क्लॅम्पवर, आत्या म्हणाली पायगुण आहे, बघा, ती माडीवरची आली की मुंग्या येतात. आणि ते खरं होतं! काकू आल्या की पाचसात मिनिटांत मुंग्या. आणि काकू बिचाऱ्या आमच्याहून जास्त हळहळायच्या, "आजपण गेलं का हो?"

चौथ्या आठवड्यात मुंग्या आल्यावर सगळे ओरडत होते आणि आजी गप्प. मग म्हणाली, "पायगुण बियगुण काही नाही. तिचा हात ओला असतो."

लक्षात ठेवा, हात ओला. आम्हीही रोज बघत होतो, काकू पदराला हात पुसत आत यायच्या. परत सांगते, पदराला हात पुसत.

काकू घरी गेल्यावर आजी म्हणाली, "हात गार असतो आणि पाचशे एक बार साबणाचा वास येतो. आणि ती येऊन बसली की न्हाणीच्या पत्र्यावर टपटप वाजतं. पाऊस नाही, मग पत्र्यावर काय पडतं रे? जा बघून ये."

अण्णा बॅटरी घेऊन चौकात गेले. खाली कुठे काही नाही. मग बॅटरी वर मारली. माडीच्या गॅलरीतून एक नायलॉनची दोरी निघालेली आणि तिचं दुसरं टोक आमच्या अँटेनाच्या पाइपला, पार वर, कौलाच्या जरा खाली. दोरीवर तीन पँटी, दोन चादरी आणि एक सतरंजी, सगळं निथळतंय, न्हाणीच्या पत्र्यावर टप टप टप, आणि त्या ओझ्यानं पाइप हळूहळू माडीकडे कललेला. काकूंचे मिस्टर फिरतीवर असायचे, आठवड्याचे कपडे घेऊन त्याच संध्याकाळी यायचे. मालिका चुकू नये म्हणून काकू घाईघाईनं सगळं धुऊन, वाळत टाकून खाली पळत यायच्या. रात्रीत कपडे वाळले की पाइप आपोआप सरळ.

म्हणजे खुनी आमच्यातच बसून ब्योमकेश बघत होता!

आत्या तावातावाने जिन्याकडे निघाली होती. आजीने तिला हाताला धरून बसवलं, म्हणाली, तिला काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी काकू बाजारात गेल्याचं बघून अण्णांकडून समोरच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकून घेतला आणि दोरी पाइपवरून सोडून त्या खिळ्याला बांधायला लावली.

पुढच्या आठवड्यात काकू आल्या, दहा मिनिटं उशिरा, पदराला हात पुसत. आजीचा हात हातात घेतला. पत्र्यावर टपटप सुरू झालं. आम्ही पोरं एकमेकांना चिमटे काढतोय, आई पदर तोंडात धरून बसलेली. चित्र हललं नाही. ब्योमकेश खुर्चीत मागे रेलला आणि बोलायला लागला.

काकू म्हणाल्या, "आज एकदम क्लिअर दिसतंय हो, नवीन अँटेना आणला का भाऊजींनी?"

आजी म्हणाली, "गप गं. ऐकू दे."