पट्टी पडद्यावर का सांडते

(देवगड येथे संगणकाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान, थोडे संपादित करून)

तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी हापूसची कलमं असतील, तेव्हा ‘पट्टी’ म्हणजे काय ते सांगत बसत नाही. वाशीच्या बाजारात पेट्या गेल्या की मागाहून हिशेब येतो: किती पेट्या, काय भाव, हमाली किती, भाडं किती. ही पट्टी बागायतदाराला मोबाईलवर मिळावी म्हणून मी पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत, एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. बटण दाबलं की डेटाबेसमधून आकडे काढून सीएसव्ही फाईल तयार, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता. पहिल्याच दिवशी एका काकांचा फोन: “फाईल खय गेली रे? हय नुसते आकडे सांडलेत.”

आकडे खरंच पडद्यावर सांडले होते. चूक माझी. आत काय आहे ते मी पाठवलं होतं, पण त्याचं काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. पेटीवर मार्का नसेल तर हमालाने ती कुठे ठेवायची? सर्व्हरच्या उत्तरात आधी हेडर येतात, मग एक रिकामी ओळ आणि मग माल. हेडर म्हणजे पेटीवरचा मार्का. त्यातल्या ‘कन्टेन्ट-टाइप’मध्ये मालाचा प्रकार असतो, इथे टेक्स्ट-सीएसव्ही. ‘कन्टेन्ट-डिस्पोझिशन’मध्ये ‘अटॅचमेंट’ लिहिलं की ब्राउझर ती वस्तू पानासारखी उघडत नाही, फाईल म्हणून उतरवून घेतो. हे हेडर मुळात ईमेलच्या जोडपत्रांसाठी आलं, 1995 साली. वेबसाठी त्याचा वेगळा नीट मसुदा व्हायला 2011 उजाडलं. त्याच हेडरमध्ये फाईलचं नावही द्यायचं, नाहीतर काकांच्या फोनवर स्क्रिप्टच्याच नावाची फाईल उतरते आणि ती कशात उघडायची हे कुणालाच कळत नाही.

हेडर टाकले, तर माझ्या लॅपटॉपवर चाललं आणि सर्व्हरवर ‘हेडर्स ऑलरेडी सेन्ट’, म्हणजे हेडर आधीच निघून गेले, अशी चूक. रात्रभर शोधलं. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एक रिकामी ओळ राहिली होती! ती ओळसुद्धा मालच. माल निघाला की मार्का बदलता येत नाही. मग लॅपटॉपवर का चाललं? तिथल्या सेटिंगमध्ये 4096 बाइट्सचा आउटपुट बफर, म्हणजे माल निघण्याआधी साठवून ठेवणारी जागा, चालू होता, त्याने ती ओळ धरून ठेवली. चाललं म्हणजे बरोबर होतं असंही नाही. ती ओळ फाईलच्या डोक्यावर चिकटून जातच होती. सीएसव्हीत खपून जातं, झिप फाईल मात्र बिघडू शकते.

आता गंमत बघा. स्क्रिप्टच्या फाईलच्या सुरुवातीला एडिटरने युटीएफ-आठची (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची) तीन बाइट्सची खूण टाकली, तरी हाच घोटाळा होतो. पण तीच खूण सीएसव्हीच्या सुरुवातीला मुद्दाम टाकावी लागते, नाहीतर एक्सेलमध्ये ‘हापूस’ची भलतीच अक्षरं होतात. एकीकडे काढा, दुसरीकडे घाला. माझे दोन दिवस यात गेले.

फाईलचं नाव मराठीत हवं असेल तर साधं ‘फाइलनेम’ पुरत नाही, पुढे तारा असलेलं ‘फाइलनेम’ लागतं, आणि नाव टक्क्यांच्या चिन्हांत फोडून द्यावं लागतं, एका बाइटला टक्का आणि दोन अक्षरं. ‘हापूस’ची पंधरा बाइट्स, म्हणजे पंचेचाळीस अक्षरं. जुन्या ब्राउझरसाठी सोबत रोमन नावही ठेवा. आणि वेबपत्त्यातून आलेलं फाईलचं नाव जसंच्या तसं घेऊन सर्व्हरवरची फाईल उघडून देऊ नका. कुणीतरी मागच्या फोल्डरात शिरून पासवर्डाची फाईल मागेल.

बटणामागे जावास्क्रिप्टचा ‘फेच’ असेल, म्हणजे पानातली स्क्रिप्टच सर्व्हरकडून माल मागवत असेल, तर हा सगळा मार्का असूनही आपोआप काही उतरत नाही. उत्तर त्या पानातल्या स्क्रिप्टच्या हातात जातं. तिथून ब्लॉब (ब्राउझरच्या स्मृतीतला मालाचा गठ्ठा) करून ‘डाउनलोड’ लावलेल्या दुव्यातून द्यावं लागतं. साधा दुवा पुरत असेल तर या भानगडीत पडूच नये, असं माझं मत.

‘कुठे सेव्ह करू?’ हे हेडरमधून ब्राउझरला विचारायला लावता येत नाही. ते ज्याच्या-त्याच्या सेटिंगवर. त्या काकांचा फोन विचारत नव्हता, गुपचूप उतरवून घेत होता. पावसात नेटवर्क मंद, काही हललेलं दिसेना, म्हणून त्यांनी आठ वेळा बटण दाबलं. डाउनलोडमध्ये आठ पट्ट्या, शेवटच्या पट्टीच्या नावापुढे कंसात सात. हल्ली मी नावातच तारीख घालतो. कंसातला सात अजून येतो, पण कुठल्या दिवसाचा ते तरी कळतं.