सेल मापाला बसला, म्हणजे चालेलच असं नाही

श्रोतेहो, नमस्कार. जुना कॅल्क्युलेटर, जाडी-व्यास मोजायचा डिजिटल व्हर्निअर, कपाटातला फिल्म कॅमेरा, यातलं काहीतरी बंद पडतं आणि आपण संपलेला बटन सेल खिशात टाकून घड्याळाच्या दुकानात जातो. ‘असाच एक द्या.’ दुकानदार दहाच्या पट्टीतून एक सेल काढून देतो. त्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात नावांची रांग असते: एजी १३, एलआर ४४, ए ७६, ३५७, एसआर ४४. ही सगळी नावं एकाच मापाची आहेत, ११.६ मिलिमीटर व्यास आणि ५.४ मिलिमीटर उंची. आतलं रसायन मात्र एक नाही. अशा पट्टीतला स्वस्त सेल बहुतेक वेळा अल्कलाइनच निघतो. तेव्हा पट्टी बाजूला ठेवा आणि सेलच्या पाठीवर काय कोरलंय ते वाचा.

पहिलं अक्षर रसायनाचं. एल म्हणजे अल्कलाइन, एस म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, पी म्हणजे झिंक-एअर, सी म्हणजे ३ व्होल्टचा लिथियम. नवे असताना एलआर ४४ आणि एसआर ४४ मल्टिमीटरवर जवळपास सारखेच दिसतात, दीड व्होल्टच्या किंचित वर. फरक पडतो तो वापरताना. अल्कलाइनचा व्होल्टेज पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातो. सिल्व्हर ऑक्साइड जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ व्होल्टवर टिकतो आणि मग एकदम बसतो.

साध्या कॅल्क्युलेटरला या उताराचं काही वाटत नाही, तिथे एलआर ४४ खुशाल घाला. डिजिटल व्हर्निअरचं तसं नाही. अनेक स्वस्त व्हर्निअर १.४५ व्होल्टच्या आसपासच कुरकुर करू लागतात: आकडे लुकलुकतात, रीडिंग उड्या मारतं. अल्कलाइन सेल तिथवर लवकर येतो. त्यात बरीच ताकद शिल्लक असते, पण व्हर्निअरच्या लेखी तो संपलेला. मग माणूस म्हणतो, व्हर्निअरच खराब झाला. एसआर ४४ घाला, बहुतेकदा तक्रार मिटते. आणखी एक गोष्ट: या स्वस्त व्हर्निअरचं बंद करायचं बटन बरेचदा फक्त पडदा विझवतं, आतलं सर्किट चालूच राहतं. महिनाभर हात लावणार नसाल तर सेल काढून ठेवलेला बरा.

आता कॅमेरे. ऑलिम्पस ओएम-१, कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री, याशिका मॅट १२४ जी या सत्तरीच्या दशकातल्या कॅमेऱ्यांचं लाइट मीटर पीएक्स ६२५ या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं आहे. तो सेल १.३५ व्होल्टवर अगदी स्थिर राहायचा. पाऱ्यामुळे तो बाजारातून गेला. त्याच आकाराचा अल्कलाइन पीएक्स ६२५ए मिळतो आणि खाचेत चपखल बसतो, हीच त्याची अडचण! व्होल्टेज जास्त, म्हणून मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. कॅमेऱ्यावर फिल्मचा आयएसओ, म्हणजे उजेडाला ती किती संवेदनशील याचा आकडा, बदलून भरपाई करू म्हणाल, तर कमी आणि भर उजेडातली चूक सारखी नसते, शिवाय सेल रोज उतरतोय.

यावर दोन चांगले उपाय आहेत. एक, डायोड असलेला अॅडॉप्टर. त्यात एसआर ४३, म्हणजेच ३८६ नंबरचा सेल बसतो आणि डायोड जादाचे सुमारे ०.२ व्होल्ट खातो. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. तो ११.६ मिलिमीटरचा, खाच साधारण १६ची, म्हणून भोवती रबरी रिंग लागते. रिंगने सेलवरची बारीक छिद्रं बुजता कामा नयेत, तो हवेवरच चालतो. छिद्रांवरचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबा, मग बसवा. त्यानंतर तो वापरा किंवा नका वापरू, काही आठवड्यांत संपतोच. सगळ्या जुन्या कॅमेऱ्यांना ही उठाठेव लागत नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकचं मीटर ब्रिज सर्किटचं असल्यामुळे त्याला व्होल्टेजचा फरक फारसा जाणवत नाही.

लिथियमच्या नावातच माप असतं. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ जाडी, २०२५ची जाडी २.५. बारीक खाचेत जाड सेल दाबून बसवलात तर पत्ती वाकते, आणि पुढे योग्य सेलही नीट टेकत नाही. हे सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजू शकतो. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

नवा सेल घालण्याआधी खाच बघा. अल्कलाइन सेल गळला असेल तर पत्तीवर पांढरी-हिरवट पूड दिसेल. ती अल्कधर्मी असते, म्हणून कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा, मग ओल्या काडीने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पूर्ण वाळू द्या. सेल कडेने धरा. लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडल्या तर शॉर्ट होतो, प्लॅस्टिकचा चिमटा वापरा. नमस्कार.