अंगावरचं दूध कमी पडतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. बाळंतिणीच्या खोलीत हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "हिला दूधच पुरत नाही." आज त्याविषयी बोलू. एक गोष्ट आधीच सांगते, पुढेही सांगेन: बाळ जितकं ओढेल, तितकं दूध तयार होईल.

आमच्या शेजारची मुलगी पहिलटकरीण. सिझेरियन होऊन माहेरी आलेली. बाळ रडलं की उपाशीच असणार, असं घरात ठरून गेलेलं, त्यामुळे अंगावर पाजलं की मागोमाग पावडरच्या दुधाची बाटली. बाटली वाढत गेली, तसं अंगावरचं दूध आटत गेलं. आईने अळिवाचे लाडू केले, खसखशीची खीर केली, शतावरी आणली. फरक नाही.

चौदाव्या दिवशी आशाताई आल्या. हात धुतले, बाळाचं वजन केलं आणि म्हणाल्या, "आता पाज बघू माझ्यासमोर." मुलगी बाळावर वाकून बसलेली, टाके ओढत होते आणि बाळाच्या तोंडात नुसतं बोंड. ताईंनी तिच्या पाठीशी उशी लावली. बाळाला तिच्या काखेखालून आडवं घेतलं, म्हणजे पोटावर भार नको. "थांब, घाई नको. त्याला आ करू दे." बाळाने चांगलं मोठं तोंड उघडलं, तेव्हा बोंडाभोवतालच्या काळ्या भागासकट छातीला लावलं. हनुवटी टेकली, गाल भरले. आधी भराभर चोखणं, मग संथ घोट. खोलीत गिळल्याचा आवाज येऊ लागला. दिवा लावायला निघालेली आई काडेपेटी हातात घेऊन दारातच थांबली. ताई म्हणाल्या, "ऐकू येतंय ना काकू? दूध आहे!"

बाटली त्यांनी एकदम तोडली नाही. वजन बघत बघत कमी केली आणि पुढे ती सुटलीच.

म्हणून पुन्हा सांगते, बाळ जितकं ओढेल तितकं दूध. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. रात्रीचं पाजणं चुकवू नका; दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. बाळ ओढत नसेल तर हाताने पिळून काढा आणि वाटी-चमच्याने पाजा. पहिला चीक तर मुळीच टाकू नका.

लाडू जरूर खा, अंगात ताकद हवीच. पण बाळाच्या ओढण्याचं काम लाडू करत नाही. आणि बाळ बघायला येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: सव्वा महिना जरा दम धरा. यायचंच असेल तर भाजी-भाकरीचा डबा घेऊन या आणि "दूध येतंय ना?" हे विचारू नका. ताणाखाली पान्हा लवकर फुटत नाही.

दूध पुरतं का, हे लंगोटावरून ओळखा. पाचव्या दिवसापासून दिवसाकाठी सहा तरी ओले व्हायला हवेत. दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर यायला हवं. तसं होत नसेल, बाळ मलूल असेल, प्यायलाही उठत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल, तर दूध खरोखरच कमी येऊ शकतं. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. अशा वेळी वरचं दूध लागलं, तर तेही त्यांच्या सल्ल्याने निःसंकोच द्या.