उत्तर दारातलं गाव

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतलं यलोस्टोन म्हटलं की उकळते झरे आठवतात, बायसनचे कळप आठवतात. मी आज बोलणार आहे ते त्याच्या उत्तर दारातल्या लहानशा गावाबद्दल. मोंटाना राज्यातलं गार्डिनर.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं १८७२ साली. पुढच्या दहाएक वर्षांत त्याच्या हद्दीला अगदी खेटून गार्डिनर वसलं. तिथल्या पार्क स्ट्रीटला एकाच बाजूला दुकानांची रांग. समोर थेट उद्यान सुरू. एल्क हरणं आजही गावातल्या हिरवळीवर खुशाल चरत असतात.

पण या गावाचं नशीब ठरवलं ते रस्त्यांनी. १८८३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिकची रेल्वे आली आणि जमिनीच्या वादापायी काही मैल अलीकडेच, सिनाबारला थांबली. जवळजवळ वीस वर्षं प्रवासी तिथे उतरत, घोडागाडीत बसत. १९०३ च्या एप्रिलात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट उद्यानात फिरत होते, तेव्हा त्यांची खास आगगाडी सिनाबारलाच उभी होती. तोवर रूळ मात्र गार्डिनरपर्यंत पोचले होते. सिनाबार ओस पडलं, ते कायमचंच. इतकं नांदतं ठिकाण इतक्या झटपट पुसलं जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच दौऱ्यात, २४ एप्रिलला, रूझवेल्टांनी गार्डिनरच्या प्रवेश-कमानीची कोनशिला बसवली. काळ्या बसाल्टची ही कमान पन्नास फूट उंच आहे, आणि उद्यान लोकांच्या हितासाठी व आनंदासाठी आहे, असं तिच्यावर कोरलेलं आहे. पुढे १९१५ पासून मोटारींना आत सोडू लागले, प्रवासी रेल्वे मागे पडत गेली आणि १९४८ मध्ये बंद झाली. गाव टिकलं, कारण कमानीखालून जाणारा रस्ता होता.

जून २०२२ मध्ये तोच तुटला. महापुराने गार्डिनर ते उद्यानातलं मॅमथ हा दरीतला रस्ता जागोजागी वाहून नेला. ऐन हंगामात गाव रिकामं! शेवटी डोंगरावरची घोडागाड्यांच्या जमान्यातली कच्ची वाट कामी आली. ती रुंद केली, डांबर घातलं, कठडे बसवले आणि ३० ऑक्टोबरला वाहतूक सुरू झाली. बर्फाच्या दिवसांत चाकाच्या गाड्यांना उद्यानात शिरायला हेच एक दार असतं, आणि उद्यानापलीकडच्या कुक सिटी या गावच्या लोकांचीही तेव्हाची वाट हीच. त्यामुळे हिवाळ्याच्या आत रस्ता होणं भागच होतं.